कणकुंबीचा वसंतविहार

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी सह्याद्रीच्या माथ्याला लागतो, त्या ठिकाणी समुद्रसपाटीपासून सुमारे 792 मीटर उंचीवर खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव वसले आहे. माउलीच्या देवळापाशी उगम पावणारी मलप्रभा येथून पूर्वेची वाट धरते आणि 304 किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगमाला कृष्णेत विलीन होते; त्याच गावच्या शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेकडे वळून म्हादईला, आणि म्हादई पुढे मांडवी या नावाने अरबी समुद्राला मिळते. पाण्याची ही वाटणी जशी या माथ्यावर होते, तशीच ऋतूचीही होते. पूर्वेकडे, म्हणजे खानापूर-नंदगडच्या अंगाला, रान पानझडीचे असल्यामुळे तेथला वसंत निष्पर्ण फांद्यांवर येतो आणि पळस, सावर, पांगारा यांच्या तांबड्या-केशरी फुलांनी दुरूनच आपली वर्दी देतो. पश्चिमेकडे, दरीच्या तोंडावर, रान बारमाही हिरवे असल्याने तेथे वसंत पालवीत आणि सुगंधात शोधावा लागतो. कुसुंबाची नवी पालवी फुलांहून लाल दिसते, सुरंगीचा वास झाड दिसण्यापूर्वीच वाटेवर येतो. एका सकाळच्या अवधीत हे दोन्ही वसंत पाहता येतील अशी गावे फार नाहीत, आणि म्हणूनच अलीकडे फेब्रुवारी-मार्च महिन्यांत रविवारी बेळगावची कुटुंबे मुलाबाळांसह या रस्त्याला लागलेली दिसतात. ही रीत जुनी आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः फुललेल्या रानात सहकुटुंब जाणे फार प्राचीन आहे. केवळ फुले पाहण्यासाठी जाणे मात्र अगदी कालपरवाचे आहे. या दोहोंच्या मधल्या काळात काय घडले, याचा वृत्तान्त कणकुंबीच्या मुलखात जितका स्पष्ट वाचता येतो तितका क्वचितच अन्यत्र वाचता येईल.

प्राचीनांच्या वसंतविहारात नुसते पाहणे फारसे नव्हतेच. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकांच्या सामुदायिक क्रीडा सांगितल्या आहेत. त्यांत आंब्याचे तुरे खुडण्याची सहकारभञ्जिका आहे, शेंगा व कोवळे दाणे भाजून खाण्याची अभ्यूषखादिका आहे, आणि आपला हुरडा ज्याने खाल्ला त्या मनुष्याला ही दुसरी क्रीडा समजावून सांगण्याची मुळीच आवश्यकता नाही. त्याच यादीत एकशाल्मली नावाचा एक खेळ येतो. यशोधर हा टीकाकार सांगतो की, फुलांनी लहडलेली एकच मोठी सावर गाठून, तिच्याच फुलांचे अलंकार करून हा खेळ खेळावयाचा, आणि उदाहरणादाखल तो विदर्भातील लोकांचे नाव घेतो. उद्यानगमनाहून परतणाऱ्या मंडळींनी तेथल्या विहाराची काही खूण अंगावर मिरवीत यावे, अशीही वहिवाट होती. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात अशोकाला फुलविण्यासाठी त्याला पादस्पर्श करण्याचा विधी आहे, हर्षाच्या रत्नावलीचा आरंभ मदनोत्सवाच्या गलबल्यात होतो, आणि महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत तर पळसाची फुले पडलेली भुई पाहून एका गाथाकाराला वंदनासाठी लवलेला भिक्षुसंघ आठवला आहे. या सर्व ठिकाणी फूल हे करण्याचे निमित्त आहे: खुडावे, माळावे, भाजावे, नाचावे, रंग करावा. दुरून पाहून परत फिरावे, ही कल्पना त्यांपैकी कोणालाच सुचलेली दिसत नाही.

राजदरबारच्या या थाटापासून कणकुंबीचे रान अर्थातच फार दूर होते. परंतु तेथेही वसंतात माणसे घरात बसत नसत. घाटमाथ्यावरच्या गरीब रयतेची मुख्य मदार कुमरीवर असे. हिवाळ्यात उतारावरचा झाडोरा तोडावयाचा, तो उन्हात वाळू द्यावयाचा, पावसाळ्यापूर्वी पेटवावयाचा आणि पहिल्या सरीला त्या राखेत नाचणी टाकावयाची, अशी ही शेती असल्यामुळे तिचे निम्मे काम ज्या दिवसांत पडे ते दिवस नेमके मोहराचे व फुलोऱ्याचे होते, आणि खोपी बांधून रानात राहणाऱ्या कुटुंबाबरोबर पोरेही तेथेच राहत. शिकेकाईच्या शेंगा आणि हिरडे गोळा करण्याचा हंगाम हाच. अंजनी फुलली की काही दिवसांत पोळी मधाने भरतात हे ठाऊक असल्यामुळे मध काढणारा फुलांवर नजर ठेवी, ती सौंदर्यदृष्टीने नव्हे तर हिशेबाने. धनगर-गवळ्यांचे वाडे म्हशींसह माथ्यावरच्या गवताळ पठारांच्या आश्रयाला असत. चोर्ल्याच्या वाटेने लादलेल्या बैलांचे तांडे कोकणात धान्य उतरवीत आणि गोव्याचे मीठ वर आणीत. पावसाळ्यात ही वाट बंद पडत असल्याने जी काही ने-आण करावयाची ती उन्हाळा सरण्यापूर्वीच उरकावी लागे, आणि तांड्याबरोबर बायकामुलेही चालत असल्यामुळे, पांगाऱ्याखालून जितकी मुले त्या काळी गेली असतील तितकी आजच्या मोटारींतूनही जात नसतील.

या श्रमाच्या मधोमध शिमगा येई. कोकणात आणि घाटमाथ्यावर होळीसाठी आंब्याचे, सावरीचे किंवा पोफळीचे झाड वाजतगाजत आणून देवळासमोर उभे करण्याची चाल आहे. म्हणजे माणसे वर्षभर रानात जातात, आणि या एका रात्री रान गावात येते. सत्तरी आणि तिला लागून असलेल्या घाटमाथ्याच्या गावांत शिमग्याच्या दिवसांत रणमाले नावाचे लोकनाट्य रात्र जागवून होते, सत्तरी-डिचोलीकडे घोडेमोडणीचे घोडे नाचतात. पळसाची फुले पाण्यात उकळून केलेल्या केशरी रंगाने पौर्णिमेनंतरच्या पाच दिवसांत एकमेकांना भिजविले की वसंताचे देणे फिटे. या काळात पोरांना कोणी कामाला जुंपत नसे. झाड तोडून आणण्यापासून रंग ढवळण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांचा हात असे आणि त्यासाठी कोणाच्या रजेची गरज पडत नसे, कारण रजा देणारे कोणी नव्हते.

1818 मध्ये बेळगाव इंग्रजांच्या अमलाखाली आले आणि या मुलखातल्या झाडांना प्रथमच दप्तरात जागा मिळाली. मुंबई इलाख्याने 1847 मध्ये जंगल खाते स्थापन केले. त्याचे पहिले मुख्य अधिकारी अलेक्झांडर गिब्सन हे पेशाने डॉक्टर आणि पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे चालक होते. त्यांच्यानंतर त्या जागेवर आलेले डाल्झेल आणि गिब्सन या दोघांनी मिळून 1861 मध्ये इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या वर्षांत त्याच विषयावर अधिक विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. या ग्रंथांची पाने चाळताना लॅटिन नावांच्या गर्दीत चोर्ला, पारवाड, रामघाट ही आपल्या ओळखीची नावे भेटतात, आणि कोणत्या महिन्यात कोणते झाड फुलते याचीही नोंद त्यांत असते. फुलाकडे फूल म्हणून पाहणारा, त्यापासून मध, रंग, औषध वा अलंकार यांपैकी कशाचीच अपेक्षा न बाळगणारा मनुष्य या डोंगरात बहुधा याच मंडळींच्या रूपाने प्रथम आला. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच खात्याच्या दुसऱ्या हाताने जे केले तेही विसरता येत नाही. जहाजांना व रेल्वेला लाकूड लागत होते, म्हणून कुमरीवर प्रथम बंधने आणि मागाहून बहुतेक ठिकाणी मनाई आली. 1878 च्या जंगल कायद्याने राखीव रानांच्या हद्दी आखल्या, चराईला फी आणि गौण उत्पन्नाला मक्ता लागला. ज्या रानात कुटुंबेच्या कुटुंबे खोपी करून राहत, त्यात पाऊल टाकण्यासाठी परवान्याचा कागद लागू लागला. अशा रीतीने फुलांची पहिली यादी आणि माणसांची पहिली मनाई एकाच कचेरीतून निघाली.

तथापि मुलांचा वसंत जंगल कायद्याने गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो गेला तो पंचांग बदलल्यामुळे. 1867 पासून सरकारचे हिशेबी वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असे ठरले, आणि मामलेदार कचेरीतल्या अव्वल कारकुनापासून गावच्या कुलकर्ण्यापर्यंत सर्वांचा फाल्गुन वसुलीत आणि तेरिजा जुळविण्यात जाऊ लागला. इंग्रजी पद्धतीच्या शाळा वाढल्या आणि शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होऊन वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये घेण्याचा प्रघात हळूहळू रूढ झाला. बाप ताळेबंदात आणि मुलगा उजळणीत, अशा अवस्थेत घराला रानाची आठवण होणार कशी? सुटी लागे ती मे महिन्याची, आणि तोवर सावरीची फुले जाऊन तिच्या बोंडांतून कापूस उडू लागलेला असे. त्यामुळे मराठी मध्यमवर्गाच्या बालपणात वसंताची जागा उन्हाळ्याने घेतली. आपल्या आठवणींच्या पुस्तकांत करवंदे, जांभळे, आंबे आणि फणस यांची रेलचेल असते, पण ज्या फुलांतून ही फळे झाली ती फुले पाहिल्याचा उल्लेख शोधून सापडत नाही. कारण फुलांच्या वेळी लेखक परीक्षेला बसला होता.

शहरातल्या घरांनी वसंताला अगदीच टाकले होते असेही नाही. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजविलेले हरभरे आणि आरासीत मांडलेला मोगरा हा वसंतोत्सवच होय, पण तो ओसरीच्या आत झालेला वसंतोत्सव होय. कुटुंबाने मिळून बाहेर जाऊन जेवण्याच्या चालीही होत्या, परंतु त्या दुसऱ्याच ऋतूंत. कार्तिकात आवळीखाली जेवावयाचे. बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात एळ्ळ अमावास्येला सजविलेल्या गाड्यांतून घरची सर्व मंडळी शेतात जात, उभ्या पिकात चरग शिंपडून मग पंगत बसे. साहेब लोक टोपलीत खाणे भरून घोड्यावरून रानात जात, त्याचे नेटिव मंडळींना कौतुक आणि हसू सारखेच येई. 1888 मध्ये मार्मागोव्यापासून कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे सुरू झाली आणि लवकरच बेळगाव लोंढ्यामार्गे तिला जोडले गेले, तेव्हा दूधसागर पाहणे मध्यम स्थितीच्या कुटुंबालाही साधू लागले. ज्या रुळांनी हे सुख आणले त्यांनीच चोर्ल्याच्या तांड्यांचे पोट मारले, आणि रेल्वे न लाभलेली कणकुंबी आपल्या पावसासह आणि फुलांसह एकीकडे राहून गेली.

तिच्या या एकटेपणात सरहद्दीची भर पडली. घाटाखाली पोर्तुगीज अंमल, घाटावर इंग्रजी, आणि मधल्या रानात जकातीची नाकी व त्यांना चुकविणाऱ्या पायवाटा, अशी स्थिती असताना फुले पाहण्याच्या निमित्ताने तेथे मुले घेऊन जाण्याची बुद्धी कोणाला होणार नव्हती. 1955 च्या गोवा सत्याग्रहाच्या वेळी बेळगाव हे चळवळीचे एक मोठे ठाणे बनले आणि त्यानंतर सीमा अधिकच आवळली गेली. दरम्यान 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेने बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठी बोलणाऱ्या या तालुक्याच्या वाट्याला दुसरी एक सीमा, नकाशावरची आणि मनातलीही, आली. योगायोग असा की त्याच 1956 साली दुर्गा भागवत यांचे ऋतुचक्र प्रसिद्ध झाले. झाडाला त्याच्या नावाने ओळखावे, महिन्यामहिन्याने त्याच्याकडे परत जावे आणि या परत जाण्यात रसिकतेइतकीच शिस्त असावी, हा संस्कार मराठी वाचकावर त्या पुस्तकाने जितका केला तितका वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकाने केला नसेल. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, नाकी उठली, आणि पुढे चोर्ल्याची वाट मोटारीला योग्य झाल्यावर कणकुंबी बेळगाव-पणजीच्या हमरस्त्यावर आली. 1966 मध्ये गोमंतकातील वनस्पतींची सूची देणारे वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्यासह 1975 मध्ये देवरायांवर लेखन केले, तेव्हा शहरी वाचकाला कळले की घाटातली जुनी रानेच्या राने खात्याच्या कायद्याने नव्हे, तर देवाच्या धाकाने वाचलेली आहेत. पाहण्याची दृष्टी, जाण्याचा रस्ता आणि जाण्यास मोकळीक या तिन्ही गोष्टी अशा रीतीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र आल्या. आजच्या वसंतसहलीचा खरा जन्म तेथून धरावा.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की, मुले बरोबर घेऊन या सहलीची तजवीज करणाऱ्याला त्याचा थेट उपयोग आहे. पहिली गोष्ट तिथीची. मे महिन्याच्या सुटीची वाट पाहू नये. जानेवारीच्या अखेरीपासून सावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा, त्याच सुमारास सुरंगी व उक्षी, मार्चच्या मध्यापासून अंजनीचा भर आणि एप्रिल-मेमध्ये बहावा, असा हा क्रम साधारणपणे चालतो; मागचा पाऊस कसा गेला त्यानुसार तो आठपंधरा दिवस मागेपुढे सरकतो, म्हणून जांबोटीच्या बाजारात रानमेवा विकणाऱ्या बायकांना विचारून दिवस ठरवावा. दुसरी गोष्ट वेळेची. सुरंगीची फुले सकाळच्या उन्हाने उमलतात आणि काढणारे त्या आधीच झाडावर चढलेले असतात. उन्हे चढल्यावर पोहोचणाऱ्याच्या वाट्याला खाली विकावयास ठेवलेल्या वेण्या येतात, झाड येत नाही. तिसरी गोष्ट हद्दीची. भीमगडच्या परिसरातील सुमारे 190 चौरस किलोमीटर रान 2011 मध्ये अभयारण्य झाले. बारापेडे गुहांतल्या, 1913 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या दुर्मीळ वटवाघळांची ही वसाहत आहे, आणि तेथे खात्याच्या परवानगीवाचून शिरता येत नाही. कणकुंबीच्या रस्त्याकडेची, देवळाभोवतीची आणि पठारावरची झाडे लहान मुलांना दिवसभर पुरून उरतील इतकी आहेत.

त्यांत अंजनीसाठी वेळ राखून ठेवावा. हे झाड एरवी दृष्टीत भरत नाही: ठेंगणे, पाने जाड आणि गर्द, साल फिकट. फाल्गुन सरत आला की पानांच्या बेचक्यांत आणि जुन्या फांद्यांच्या उघड्या सालीवरही मोहरीएवढ्या कळ्यांचे झुबके धरतात, आणि एखाद्या आठवड्यात फांदीच्या फांदी निळ्याजांभळ्या फुलांत बुडून जाते. एकेक फूल करंगळीच्या नखाहून लहान असते, त्याचे पुंकेसर पाकळ्यांबाहेर डोकावत असतात, आणि झाडाच्या आत मधमाश्यांचा असा एकसुरी गुंजारव चाललेला असतो की मुलाचा कान खोडाजवळ नेला तर ते झाडच गुणगुणते आहे असे त्याला वाटते. जरा पुढे उतारावर धायटीची झुडपे असतात. तिचे नळीसारखे तांबडे फूल देठाकडून ओढून काढले आणि मुळाशी चोखले तर जिभेवर मधाचा थेंबभर गोडवा उतरतो. गुराखी पोरांचा हा परंपरागत खाऊ आहे आणि शहरातल्या मुलाला तो एकदा दाखविला की पुढची वाट त्याला कंटाळवाणी होत नाही. खाली पडलेली सावरीची फुले ओंजळीत घ्यावीत, पळसाची गळालेली फुले पिशवीत भरून घरी रंग करावा, झाडावरची मात्र खुडू नयेत. शिदोरीला दशम्या, शेंगांची चटणी, दही-भात आणि कैरीचे पन्हे असले म्हणजे दुसरे काही लागत नाही, आणि पत्रावळी पळसाच्याच घेतल्या तर मागे ठेवण्यासारखा केर राहत नाही.

कणकुंबीचे नाव आता फुलांपेक्षा पाण्यासाठी अधिक ऐकू येते. कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळविण्यासाठी कालव्याचे खोदकाम येथे झाले, म्हादईच्या वाटपासाठी 2010 मध्ये लवाद नेमला गेला, 14 ऑगस्ट 2018 रोजी त्याचा निवाडा झाला आणि वाद तरीही शमला नाही. पूर्वेकडच्या तहानलेल्या गावांची निकड खरी आहे आणि पश्चिमेकडच्या खोऱ्याची भीतीही खरी आहे. त्याचा निकाल लावणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु ज्यांना पुढे हा निकाल लावावयाचा आहे ती पिढी आज शाळेत आहे, आणि ज्या माथ्यावरून हे पाणी दोन्हीकडे जाते तो माथा तिने फुलोऱ्यात असताना पाहिलेला असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. त्यासाठी शाळांनी काही मोठे करावयाचे नाही. धुळवडीपासून रंगपंचमीपर्यंतच्या पाच दिवसांत परीक्षा ठेवू नये, आणि त्यांतला एक दिवस घरच्या मंडळींनी कणकुंबीसाठी ठेवावा. शिमग्याची ही रजा घाटमाथ्यावरच्या मुलांना पूर्वी न मागता मिळत होती.